देलांद्र : चंद्रावरचं झिजलेलं विवर नवमीच्या उजेडात कसं पाहावं

चंद्राच्या दक्षिण गोलार्धात, टायको विवराच्या ईशान्येला सुमारे साडेतीनशे किलोमीटरवर, देलांद्र नावाचं प्रचंड विवर आहे. रुंदी जवळपास २२७ किलोमीटर, म्हणजे प्रसिद्ध क्लाव्हिअस विवराच्या तोडीची. तरीही दुर्बीण घेऊन वर्षानुवर्षं चंद्र पाहणाऱ्या अनेकांनी ते कधी ओळखलेलं नसतं, कारण ते अतिशय झिजलेलं आहे. काठ जागोजागी मोडलाय, तळावर इतर विवरं पडलीत, आणि ऊन वर आलं की सगळं सपाट दिसतं. जुन्या पुस्तकांत रुंदी २५६ किलोमीटरपर्यंतही दिलेली सापडते. काठ नेमका कुठे सुरू होतो हेच ठरवणं अवघड असलं की आकडे असे बदलतात. ही दोन्ही मापं दिसली तर गोंधळू नका.

हे विवर पाहायला मोठी दुर्बीण लागत नाही, योग्य संध्याकाळ लागते. आणि ती काढायचं साधन बहुतेक मराठी घरांत भिंतीवर टांगलेलं असतं.

ते झिजलं कशामुळे

चंद्रावर वारा नाही, पाऊस नाही, तरी झीज आहे. देलांद्र ३९० कोटी वर्षांहून जुनं आहे, विवरांच्या कालगणनेतल्या सर्वांत जुन्या टप्प्यातलं. तेव्हापासून त्यावर अशनी पडत राहिले. मोठ्या आघातांनी काठाचे लचके तोडले. दूरच्या आघातांतून उडालेला मलबा खोलगट भागात साचला. लहान-लहान कणांच्या सततच्या माऱ्यानं उतार हळूहळू खाली सरकले आणि धारदार कडांची गोलसर टेकाडं झाली. पूर्वेकडचा तळ बराच सपाट आहे.

बारीक कणांच्या या माऱ्याची गती फार मंद असते. म्हणून सुमारे ११ कोटी वर्षांचं टायको अजून कोरं करकरीत दिसतं आणि देलांद्र ओळखू येत नाही. एकाच दृश्यात दोन्ही पाहता येतात, हा या भागाचा मोठा फायदा.

पायरी १ : तिथी काढा

झिजलेल्या विवराचे उंचसखल भाग फक्त लांब सावल्यांमुळे दिसतात. सावल्या लांब पडतात त्या उजेड-अंधाराच्या सीमारेषेजवळ, म्हणजे टर्मिनेटरजवळ, जिथे सूर्य नुकताच उगवलेला असतो.

आता पंचांगाकडे या. एक तिथी म्हणजे चंद्र आणि सूर्य यांच्यातल्या कोनात १२ अंशांची वाढ. टर्मिनेटरही चंद्रावर दिवसाला साधारण १२ अंशच सरकतो. त्यामुळे तिथी कळली की टर्मिनेटर चंद्राच्या कोणत्या रेखांशावर आहे हे जवळपास कळतं. शुक्ल अष्टमीच्या मध्यावर तो शून्य रेखांशापाशी, म्हणजे चंद्रबिंबाच्या मधोमधच्या उभ्या रेषेपाशी असतो. अष्टमी संपून नवमी लागते तेव्हा ६ अंश पश्चिमेला आणि नवमी संपते तेव्हा १८ अंश पश्चिमेला. देलांद्रचा मध्य सुमारे ५ अंश पश्चिम रेखांशावर आणि ३२.५ अंश दक्षिण अक्षांशावर आहे. पूर्वेचा काठ जवळजवळ १ अंशावर, पश्चिमेचा साडेनऊच्या आसपास.

हिशेब असा करा : नवमी लागल्यापासून किती तास झाले ते मोजा, त्याला २ ने भागा, त्यात ६ मिळवा. येईल तो टर्मिनेटरचा पश्चिम रेखांश. उत्तर १० ते १४ आलं तर संध्याकाळ उत्तम. म्हणजे नवमी लागून ८ ते १६ तास झालेले हवेत. तेव्हा विवराच्या मध्यावर सूर्य क्षितिजापासून फक्त ४ ते साडेसात अंश वर असतो. दशमीला तो ११ ते २१ अंशांवर जातो आणि टेकाडं फिकी पडतात. एकादशीला शोधायचा त्रास घेऊ नका.

इथे दोन चुका हमखास होतात. पहिली : दिनदर्शिकेत छापलेली तिथी सूर्योदयाची असते. खाली समाप्तीची वेळ दिलेली असते आणि आपल्याला तीच हवी असते. तारखेवर 'अष्टमी' छापलं असेल आणि ती दुपारी ४ वाजता संपत असेल, तर रात्री ८ ला नवमी लागून ४ तास झालेले असतात. टर्मिनेटर ८ अंशांवर येतो, आणि तोही पाहण्यासारखा आहे.

दुसरी चूक हिशेबावर आंधळा विश्वास ठेवण्याची. चंद्र आपल्याला किंचित डोलताना दिसतो. या डोलण्यामुळे टर्मिनेटर हिशेबापेक्षा सात-आठ अंशांपर्यंत पुढेमागे असू शकतो, म्हणजे अर्ध्या तिथीहून थोडा जास्तच फरक. म्हणून अष्टमी, नवमी, दशमी अशा तिन्ही संध्याकाळी राखून ठेवा. अचूक आकडा हवा असेल तर 'व्हर्च्युअल मून अ‍ॅटलास' हे मोफत सॉफ्टवेअर कोलाँगिट्यूड नावाचा आकडा, म्हणजे टर्मिनेटरचा खरा पश्चिम रेखांश, दाखवतं. तो ८ ते १५ च्या दरम्यान हवा.

एखाद्या महिन्यात वेळ जुळली नाही तर पुढच्या महिन्यावर फार विसंबू नका. चांद्रमास २९.५३ दिवसांचा असतो, त्यामुळे पुढच्या महिन्यात तीच स्थिती अर्धा दिवस सरकून, चंद्र मावळल्यावर किंवा भर दिवसा येते. दोन महिन्यांनी मात्र, म्हणजे साधारण ५९ दिवसांनी, जवळपास त्याच घड्याळी वेळेला तसाच उजेड मिळतो.

पायरी २ : महिना निवडा

माघ ते चैत्र हे महिने महाराष्ट्रासाठी सर्वांत चांगले. फाल्गुन-चैत्रात शुक्ल अष्टमी-नवमीचा चंद्र दिवेलागणीला जवळजवळ डोक्यावर असतो. चंद्र जितका वर, तितका मधला हवेचा थर पातळ आणि प्रतिमा स्थिर. भाद्रपदात तोच चंद्र दक्षिणेकडे बराच खाली असतो, आणि तेव्हा ढगही असतातच.

पायरी ३ : दुर्बीण आणि जागा

देलांद्र पृथ्वीवरून सुमारे २ कलांएवढं (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) दिसतं, म्हणजे पूर्णचंद्राच्या रुंदीच्या साधारण पंधराव्या भागाएवढं. १०×५० ची द्विनेत्री स्टँडवर लावली तर योग्य रात्री एक राखाडी खोलगट जागा जाणवते. पाहिल्याचं समाधान ७० मिलिमीटरच्या अपवर्ती (भिंगाच्या) दुर्बिणीपासून मिळतं, आणि ११४ किंवा १५० मिलिमीटरची परावर्ती (आरशाची) दुर्बीण असेल तर आणखी काही लागत नाही. १५० मिलिमीटर आरसा आणि १२०० मिलिमीटर नाभीय अंतर असलेल्या डॉब्सोनियनमध्ये, म्हणजे साध्या फिरत्या बैठकीवरच्या परावर्ती दुर्बिणीत, २५ मिलिमीटरचा आयपीस (डोळ्याकडचं भिंग) ४८ पट आणि १० मिलिमीटरचा १२० पट मोठं दाखवतो. शोधायला ४८, वाचायला १२०. बार्लो नावाचं जादा भिंग लावून २४० पट करण्याचा मोह होतो, पण झिजलेल्या विवरासाठी तो बहुधा तोट्याचा. प्रतिमा मोठी झाली की मंद उतार आणखी मंद दिसतात आणि काठाचा एकसंध आकार डोळ्यांतून निसटतो.

गच्चीवर दुर्बीण लावणार असाल तर लक्षात घ्या की दिवसभर तापलेला स्लॅब रात्री ९-१० पर्यंत उष्णता सोडत राहतो. चंद्राचा काठ पाण्याखाली असल्यासारखा थरथरताना दिसतो तो बहुतेक वेळा याच कारणानं. शेजारच्या इमारतीचं छप्पर किंवा एसीचं बाहेरचं युनिट नजरेच्या रेषेत असलं तरी तेच होतं. मातीचं अंगण किंवा गवताचं मैदान केव्हाही बरं. खिडकीतून पाहू नका. आरशाची दुर्बीण सूर्यास्तालाच बाहेर काढून ठेवा, आरसा हवेच्या तापमानाला यायला अर्धा-पाऊण तास लागतो. तो गरम असेल तर दुसरं काहीही नीट केलं तरी उपयोग होत नाही.

आरसे एका रेषेत आहेत का, म्हणजे कोलिमेशन, हेही तपासा. एखादा तेजस्वी तारा १२० पटीवर घेऊन किंचित अस्पष्ट करा. वर्तुळं एककेंद्री दिसली पाहिजेत. ती एका बाजूला चेपलेली दिसली तर चंद्रावरचा बारीक तपशील विसरा.

चंद्राच्या उजेडानं डोळा दिपत असेल तर फिल्टर घेण्याआधी जवळ एक साधा दिवा लावून पाहा. चंद्र पाहताना अंधाराची सवय झालेला डोळा लागत नाही, उलट थोडा उजेड असला की बारकावे चांगले कळतात.

पायरी ४ : दिशा ओळखा

सर्वांत जास्त वेळ इथे वाया जातो. परावर्ती दुर्बिणीत प्रतिमा १८० अंशांत फिरलेली असते. अपवर्ती दुर्बिणीत कोनातला आरसा लावला तर ती सुलट असते, पण डावी-उजवी बाजू आरशातल्यासारखी बदलते, आणि मग कोणताही नकाशा जुळत नाही. शिवाय आपल्याकडे चंद्र डोक्यावर असताना 'वर' आणि 'खाली' या शब्दांना फारसा अर्थ उरत नाही.

सोपी युक्ती अशी : दुर्बीण स्थिर ठेवा आणि चंद्राला दृश्यातून सरकू द्या. तो ज्या बाजूनं बाहेर पडतो ती चंद्राच्या नकाशावरची पूर्व. शुक्ल पक्षात उजळलेली कडही तीच. नकाशाही दुर्बिणीप्रमाणे उलटा धरा. फोनवरच्या अ‍ॅपमध्ये बहुधा प्रतिमा पालटण्याची सोय असते, ती आधीच लावून ठेवा. १९६१ पूर्वीचा नकाशा हाती आला तर सावध राहा, त्यात चंद्राची पूर्व-पश्चिम आजच्या उलट लिहिलेली असते.

पायरी ५ : तिथवर जा

४८ पटीवर चंद्रबिंबाच्या मध्याजवळ, टर्मिनेटरच्या आतल्या बाजूला, उत्तर-दक्षिण ओळीतली तीन मोठी विवरं शोधा : टॉलेमियस, अल्फान्सस आणि आर्झाकेल. रुंदी अनुक्रमे सुमारे १५४, ११९ आणि ९७ किलोमीटर. इथे दोन मिनिटं थांबाच, कारण झीज वाचायला शिकायचा याहून चांगला धडा चंद्रावर नाही. टॉलेमियस सर्वांत जुनं : तळ सपाट, काठ बुटका, मधोमध शिखर नाही. अल्फान्ससमध्ये छोटं शिखर शिल्लक आहे. आर्झाकेलचा काठ पायऱ्या-पायऱ्यांचा, शिखर ठळक. उत्तरेकडून दक्षिणेकडे जाताना विवर तरुण होत जातं.

त्याच ओळीत आणखी दक्षिणेला जा : पूरबाख, मग लंबगोल रेजिओमोंटानस, मग सुमारे १३० किलोमीटरचं वाल्टर. वाल्टरच्या आत मध्यापासून सरकलेलं शिखर दिसतं. आता रेजिओमोंटानस आणि वाल्टर यांच्या पश्चिमेला, टर्मिनेटरच्या बाजूला पाहा. वाल्टरपेक्षा कितीतरी मोठा, तुटक कडांनी वेढलेला मैदानासारखा खोलगट भाग म्हणजे देलांद्र.

पहिल्यांदा पाहणारे हटकून वाल्टरलाच देलांद्र समजतात, कारण वाल्टर 'विवरासारखं' दिसतं. खूण सोपी आहे : सुबक काठ आणि आत शिखर असेल तर ते देलांद्र नव्हे. मेघसागर नावाच्या काळसर मैदानाच्या दक्षिण किनाऱ्यावरचं पिटॅटस विवर हीसुद्धा नकाशावर चांगली खूण आहे, पण ते साडेतेरा अंशांवर असल्यानं नवमीच्या सुरुवातीला अंधारात असतं. ते दिसत नाही म्हणून वाट चुकली असं समजू नका.

पायरी ६ : विवर वाचा

आता १२० पट. घाई करू नका, पहिली पाच मिनिटं नुसता काठ फिरून या. पूर्वेला देलांद्रचा काठ वाल्टरनं गिळलाय. आग्नेयेला सुमारे ६३ किलोमीटरचं लेक्सेल काठातच घुसलंय. त्याचा देलांद्रकडचा काठ जवळपास नाहीसा झाल्यानं तो भाग खाडीसारखा उघडा दिसतो. नैऋत्येला सुमारे ४० किलोमीटरचं बॉल काठावर बसलंय, आणि त्याचं शिखर स्पष्ट आहे. वायव्येला फक्त टेकाडांची विस्कटलेली रांग.

कोण आधी आणि कोण नंतर हे ठरवायचा नियम एकच : जो दुसऱ्याचा काठ मोडतो तो नंतरचा. वाल्टर, लेक्सेल आणि बॉल या तिघांनीही देलांद्र मोडलंय, म्हणून तिघेही त्याच्यापेक्षा तरुण. लेक्सेल आणि बॉल शेजारी-शेजारी ताडून पाहा. बॉलची कड अजून धारदार आहे, लेक्सेलची एक बाजू विरघळल्यासारखी. फक्त काठ मोडण्याचा क्रम पाहायचा, किती झिजलंय त्यावरून थेट वय लावायचं नाही. शेजारी मोठा आघात झाला तर तरुण विवरही एका रात्रीत म्हातारं दिसू लागतं.

तळावर पश्चिमेकडे ३३ किलोमीटरचं हेल विवर आहे. या नावाचा नरकाशी काही संबंध नाही. मॅक्सिमिलियन हेल या खगोलशास्त्रज्ञानं १७६९ मध्ये नॉर्वेच्या उत्तर टोकाजवळच्या वार्ड्यो इथून शुक्राचं अधिक्रमण पाहिलं होतं, त्याच्या नावावरून ते आलंय. खुद्द देलांद्र हे नाव सूर्याचा अभ्यास करणाऱ्या आंरी देलांद्र या फ्रेंच शास्त्रज्ञाचं.

टर्मिनेटर ७ ते ८ अंशांवर असताना हेल पाहायला मिळालं तर ते सोडू नका. आजूबाजूचा तळ अजून काळा असतो आणि हेलचा उंच काठ तेवढा उजळतो. काळ्या फरशीवर ठेवलेल्या बांगडीसारखी एक पातळ, तुटकी प्रकाशरेषा. पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा पाहा, बांगडी जाड झालेली असते. या अक्षांशावर टर्मिनेटर ताशी सुमारे १३ किलोमीटर सरकतो, म्हणजे पळणाऱ्या माणसाच्या वेगानं. देलांद्रचा तळ एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत उजळायला साधारण १८ तास लागतात.

आकाराचा अंदाज यावा म्हणून आपलं लोणार डोळ्यांपुढे आणा. त्याची रुंदी सुमारे १.८ किलोमीटर. देलांद्रच्या एका काठापासून दुसऱ्यापर्यंत अशी जवळपास १२५ लोणारं ओळीनं बसतील. चंद्रावर ठेवलेलं लोणार पृथ्वीवरून सुमारे १ विकला (कलेचा साठावा भाग) दिसेल, म्हणजे ११४ मिलिमीटरच्या दुर्बिणीच्या बारीक तपशील वेगळा दाखवण्याच्या मर्यादेच्या अगदी काठावर.

पायरी ७ : काढा, मोजा

१५ सेंटिमीटर व्यासाचं वर्तुळ आधीच घरी काढून ठेवा, एचबी आणि २बी पेन्सिली घ्या. आधी हेल, लेक्सेल, बॉल यांच्या जागा, मग काठाचे तुकडे, मग सावल्या. सावल्या सर्वांत आधी भरल्या तर पंचाईत होते, कारण तासाभरात त्या बदलतात. सगळं चित्र ३०-४० मिनिटांत संपवा आणि तारीख, वेळ, दुर्बीण, पट, हवेची स्थिती लिहून ठेवा. वेळ लिहिली नाही तर पुढचं मोजमाप करता येणार नाही.

मोजमाप असं : एखाद्या टेकाडाच्या सावलीची लांबी हेलच्या रुंदीशी तुलना करून काढा. देलांद्र शून्य रेखांशाच्या जवळ असल्यानं पूर्व-पश्चिम लांबी जवळजवळ खरी दिसते. उत्तर-दक्षिण लांबी मात्र आखडलेली दिसते, ती ०.८४ नं भागून घ्यावी लागते. सावली पूर्व-पश्चिम पडते, त्यामुळे आपलं काम सोपं होतं. उंची म्हणजे सावलीची लांबी गुणिले सूर्याच्या उंचीच्या कोनाचा टॅन्जन्ट. सूर्य ६ अंशांवर आणि सावली १० किलोमीटर असेल तर १० × ०.१०५, म्हणजे टेकाड सुमारे १ किलोमीटर उंच. सूर्याची उंची टेकाडाच्याच जागेची घ्या, विवराच्या मध्याची नाही. ६ ऐवजी ५ अंश धरला तर उत्तरात सहाव्या भागाएवढा फरक पडतो.

मोबाइलनं फोटो घ्यायचा असेल तर आयपीसला जोडणारा होल्डर वापरा. एक फोटो काढण्यापेक्षा अर्ध्या ते एक मिनिटाचा व्हिडिओ घ्या आणि ऑटोस्टॅकर्टसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये चांगल्या फ्रेम एकत्र करा. उजेड हातानं कमी करून ठेवा, नाहीतर फोन पूर्वेकडची वाल्टरची कड पांढरी करून टाकतो. नंतर प्रतिमा धारदार करताना हात आवरता ठेवा. जास्त झालं की प्रत्येक टेकाडाभोवती पांढरी किनार येते आणि झिजलेली कडही कोरी वाटू लागते.

कोजागिरीला आणि वद्य अष्टमीला

पौर्णिमेला देलांद्र नाहीसं होतं. पण त्याच रात्री तिथे दुसरं काही दिसतं. हेलच्या पूर्वेला, तळावर, एक लहानसा झगझगीत पांढरा ठिपका असतो, पूर्णचंद्रावरच्या सर्वांत तेजस्वी जागांपैकी एक. त्याला १७व्या शतकातल्या कॅसिनी या खगोलशास्त्रज्ञाचं नाव आहे. मधोमध हेल क्यू नावाचं अवघ्या काही किलोमीटरचं ताजं विवर आहे, त्याच्या आघातानं खालचा उजळ मलबा वर आला. कोजागिरीला गच्चीवर दुर्बीण काढली तर दूध आटेपर्यंत टायकोच्या किरणांवरून ईशान्येला जाऊन तो शोधा. वृद्ध विवराच्या पोटातली ही तरुण खूण उभ्या उन्हातच दिसते. नवमीला ती शोधून सापडत नाही.

वद्य अष्टमीला देलांद्रवर सूर्य मावळत असतो. उजेड पश्चिमेकडून येतो, सावल्या पूर्वेला पडतात, आणि नवमीला अंधारात राहिलेले उतार उजळतात. चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास उगवतो, म्हणून पहाटे ४ ते ५ ही वेळ धरा. गोकुळाष्टमीची तिथी हीच, पण श्रावणात ढग. कार्तिक वद्य अष्टमी, म्हणजे कालभैरव जयंतीची पहाट अधिक भरवशाची. हवाही तेव्हा शांत असते. नवमीचं चित्र शेजारी ठेवून पाहा. जी टेकाडं दोन्ही उजेडांत जागेवर दिसतात ती काठाची, जी एकाच उजेडात दिसली ती बहुधा सावल्यांची फसगत.

हेच वाचन अवकाशयानांनी पाठवलेल्या प्रतिमांवरही चालतं. २०२४ मध्ये अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी चांद्रयान-३ उतरलं ती जागा सुमारे १६० किलोमीटर रुंदीच्या एका गाडल्या गेलेल्या विवरात असल्याचं दाखवलं. तिथला काठ तर देलांद्रपेक्षाही पुसट.

देलांद्र जमलं की पुढची दोन : शुक्ल पंचमीला आग्नेयेकडचं जान्सेन, सुमारे २०० किलोमीटरचं, ज्याच्या आत फॅब्रिशियस बसलंय. आणि शुक्ल अष्टमी लागल्या-लागल्या टॉलेमियसच्या ईशान्येचं हिपार्कस. हिपार्कससाठी तर देलांद्रपेक्षाही कमी वेळ हाती असतो, काठ बराच बुटका उरलाय. अष्टमी संध्याकाळी ६ च्या आसपास लागत असेल ती तारीख आजच दिनदर्शिकेवर खुणून ठेवा.